एका खिडकीचं कोटेशन

गवंड्यानं छिन्नी भिंतीला टेकवली मात्र, ताई ओरडली, "हात लावू नका!"

गवंडी दचकला. छिन्नी हातातून पडता पडता राहिली.

"अहो ताई, प्लास्टरचा एक टवका काढून बघतो. आत वीट कसली आहे ते कळल्याशिवाय दर कसा सांगू?"

"आधी कोटेशन लिहून द्या. फोडायचं मग बघू."

दारात उभ्या असलेल्या धाकट्या भावानं मान खाली घातली. त्याला हे नवीन नव्हतं. कोठीच्या खोलीच्या मागच्या भिंतीत अंगणाकडे एक खिडकी पाडायची, एवढंसं काम. त्यासाठी ताई वर्षानुवर्षं गवंडी बोलवत होती. गवंडी यायचे, टेप लावायचे, हातोडीनं ठोकून बघायचे, 'भरीव आहे, नऊ इंची' म्हणायचे आणि कोटेशन देऊन जायचे. ताई ते दोनदा वाचायची, "कळवते" म्हणायची आणि कधीच कळवायची नाही. गावातले गवंडी संपले तेव्हा तिनं बाहेरचे बोलवायला सुरुवात केली.

"खिडकी पाडायचीय की खिडकीला स्थळं बघताय?" शेजारी हसायचे. हसून झालं की त्यांचे आवाज खाली जायचे, आणि पुढचं धाकट्याला ऐकू आलं नाही तरी कळायचं.

भावजी नाहीसे झाले तेव्हा धाकटा शाळेत होता, दूर वसतिगृहात. ताई चार दिवस परगावी जाऊन आली, तर घराला कुलूप आणि नवरा गायब. निदान ताई तसं सांगायची. पोलीस आले, गेले. पळून जाणारा माणूस जाण्याआधी घर कशाला रंगवेल, असं त्यातल्या एकानं विचारलं होतं म्हणे. लोकांनी मात्र दोन तट पाडले. एकांच्या मते तो पळाला. दुसरे काहीच बोलत नसत, नुसते ताईकडे बघत.

धाकट्याला ताईनंच वाढवलं. तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे खाल्ल्या घराचे वासे मोजणं. पण संशय काही विचारून येत नाही. एकदा जेवताना तो सहज म्हणाला होता, "कोठी आधी मोठी होती ना गं? मी सुट्टीत यायचो तेव्हा?"

"लहानपणी सगळ्याच खोल्या मोठ्या वाटतात," ताई म्हणाली आणि अर्ध्या ताटावरून उठली.

आता त्याचं लग्न ठरलं होतं. बायकोला या घरात आणायचं, तर त्याआधी मनातलं हे कुसळ निघायला हवं होतं. यंदा खिडकी पाडायचीच, असं त्यानं बजावून सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात स्वतःला चोख म्हणवणारा एक मिस्त्री आला. न बोलवता.

"खिडकी पाडायचीय असं कानावर आलं," तो म्हणाला. वयस्कर, इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल. "इकडे पहिल्यांदाच येतोय. पण कुणालाही विचारा. माझं कोटेशन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काम अर्ध्यावर आल्यावर 'हे धरलंच नव्हतं, ते वेगळं पडेल' असली भाषा नाही."

ताईनं त्याला कोठी दाखवली. तो उंबऱ्यातच थांबला. ना टेप काढला, ना हातोडी.

"माप नाही घ्यायचं?" धाकट्यानं विचारलं.

"सगळा जन्म विटांत गेला, बाळ. नजरेचाच टेप झालाय."

"सगळं लिहा हं, मिस्त्री," ताई म्हणाली. "बारीकसारीक सगळं. अर्धवट कोटेशनं पुष्कळ बघितली मी."

"अर्धवट?" मिस्त्रीला ते लागलं. "आमच्या हातून नाही व्हायचं ते."

बाहेरच्या ओट्यावर बसून त्यानं एका दमात लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. "मजूर आणणार नाही, मी एकटाच येईन. उगाच घरात गर्दी कशाला? तोवर दुसऱ्या कुणाला भिंतीला हात लावू देऊ नका."

तो गेला तसा धाकट्यानं कागदावरचा शेवटचा आकडा पाहिला आणि हरखला. "ताई, निम्म्यात करतोय! आता नाही म्हणू नकोस."

ताई वाचत होती. दोनदा वाचून तिनं कागद खाली ठेवला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

धाकट्यानं तो काढून घेतला. अक्षर मोत्यासारखं. फोडकाम, राडारोडा, चौकट, प्लास्टर, सगळं वेगवेगळं मांडलेलं. एका ओळीवर तो थांबला आणि हसला.

"चोख मिस्त्रीही चुकला की! लिंटेल दोन लिहिलीत." खिडकीच्या डोक्यावर, वरच्या विटांचा भार पेलायला सिमेंटचा जो आडवा पट्टा टाकतात, ते लिंटेल. "एका खिडकीला दोन कशाला? बाकी सगळ्यांनी एकच धरलंय."

"चुकला नाही तो," ताई म्हणाली. "दर भिंतीला एक लागतं."

धाकट्याचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं उघड्या दारातून कोठीकडे पाहिलं. आत एकच भिंत दिसत होती. आखूड खोली, गुळगुळीत प्लास्टर. छिन्नी टेकताच ओरडलेली ताई त्याला आठवली. जिनं आपल्याला घास भरवले तिच्यापासून तो नकळत एक पाऊल मागे सरला.

"ताई, भावजी कुठे आहेत?"

ताईनं त्याच्या हातातून कोटेशन घेतलं, सहीवर घडी पडणार नाही अशा बेतानं दुमडलं आणि फोन जवळ ओढला.

"कुठे आहेत ते मी परत आले त्याच दिवशी मला कळलं होतं," ती म्हणाली. "तिथं कुणी चिणलं, ते आज कळलं."