पायरीवरच्या चपला

गिरणी कधीच बंद पडली, पण कामगारांसाठी बांधलेली एकसारखी विटांची घरं इंग्लंडमधल्या आमच्या गल्लीत अजून उभी आहेत. त्या दुपारी आमच्यासारख्या परक्यांची घरं शोधत दंगलखोरांचा जमाव फिरत होता. पडदे ओढून मी मुलींना जिन्याखाली बसवलं. बातम्या बघून भोरहून अम्मीचा फोन आला. “फिजा, दारातल्या चपला आत घेतल्या का? त्या बघून कुणालाबी कळंल, हितं कोण राहतंय.” भोरच्या सवयीनं आम्ही चपला बाहेरच काढायचो. अख्ख्या गल्लीत फक्त आम्हीच. कडी काढायला हात उठेना. तेवढ्यात पायरीवर पावलं वाजली, थांबली, लांब गेली. दारातल्या टपालाच्या फटीतून पाहिलं. पायरी रिकामी होती. समोर एकटी राहणारी गोरी म्हातारी आमच्या चपला स्वतःच्या दारात ओळीनं मांडत होती. मग तिथंच खुर्ची टाकून बसली. जमाव गल्लीत वळला.