अंगी लागलेलं

मुलीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. खाल्लेलं अंगी लागायचं नाही आणि छातीत चिकट कफ साठायचा. आईने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पळणं नाही, जिना नाही. भरवणं मात्र दिवसभर. या खेपेला दवाखान्यातल्या काट्यावर वजन वाढलेलं दिसलं आणि आईला आभाळ ठेंगणं झालं.

मग त्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे पाहायला डॉक्टरबाईंनी मुलीचा स्कॅन केला.

"वाढली ती नुसती चरबी," त्या म्हणाल्या. "स्नायू कमीच आहेत. कफ खोकून काढायला जोर त्यांचाच लागतो. हिला पळू द्या."

"अहो, धाप लागेल तिला!"

"लागू दे. दम खाईल आणि पुन्हा पळेल."

"म्हणजे इतकी वर्षं माझंच चुकलं?"

"वजन वाढवा, असं आम्हीच सांगत होतो ना!"

बाहेर मोकळं आवार होतं. आईने मुलीचा हात सोडला. "जा, पळ."

मुलगी चार पावलं पळाली, थबकली आणि वळून म्हणाली, "आई, तू ओरडली नाहीस?"