जागं करण्याची पद्धत

शीतनिद्रेच्या पेटीचं माहितीपुस्तक लिहायला केतकी कंपनीत रुजू झाली, पण काम काही पुढे सरकेना. रुग्णाला झोपवण्याची सगळी माहिती मुख्य अभियंता तांबटसरांनी लगेच दिली. जागं कसं करायचं हे विचारलं की मात्र ते म्हणायचे, "आधी एवढं लिहून काढा."

शेवटी ती थेट प्रयोगशाळेत गेली. "सर, हे पुस्तक वाचून कोणीतरी आपल्या माणसाला आत झोपवणार आहे. त्याला जागं कसं करायचं ते कळल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही."

तांबटसरांनी आतलं दार उघडलं. पेटीच्या काचेखाली एक बाई झोपली होती. तिच्या पापण्यांवर बारीक दव साचलं होतं.

"माझी बायको, मालिनी. तिच्या आजारावर औषध येईपर्यंत तिला जगवायचं होतं. चाचण्या होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आता औषध आलंय."

"मग?"

"चाचणीतला एकही ससा जागा झाला नाही." ते पेटीकडे वळले. "कंपनीला कळलं तर प्रकल्प बंद करतील. ही पेटीसुद्धा."

केतकीने काचेखालच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिने लॅपटॉप उघडून पुस्तकाची पहिली ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे धरली.

'या पेटीत कोणालाही झोपवू नये. जागं करण्याची पद्धत अजून सापडलेली नाही.'

तांबटसरांनी ती दोनदा वाचली. काचेवर हात ठेवून ते म्हणाले, "पाठवा. फक्त त्यातलं 'अजून' कोणाला खोडू देऊ नका."