दोन सेकंदांचा लहानू

फिल्मच्या कडेचं फाटकं छिद्र चंपतरावांच्या डोळ्यांआधी बोटांना कळायचं. हातात पांढरा सुती मोजा घालून ते फिल्मची कड चिमटीत धरत, दुसऱ्या हाताने रीळ फिरवत आणि मोजा अडकेल तिथे थांबत. आज तो एकाच जागी अडकला, पण असा की मोज्याचा धागाच निघून आला.

"झाली पंचाईत," ते स्वतःशीच म्हणाले.

चार वाजता नागपूरच्या शेती कार्यालयात संत्र्याच्या कलमांची फिल्म दाखवायची होती. पुण्याहून मोठे साहेब आले होते. अकरा वर्षं टेम्पररी ऑपरेटर असलेल्या चंपतरावांना कायम करायचं की नाही, हे साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि नेमकी आजच फिल्म मशीनमध्ये अडखळली, तर साहेब काय शेरा मारतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

फाटलेल्या जागी लहानू होता. नरखेडकडचा, बागेत काम करणारा मजूर. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून कलम बांधता बांधता तो मान वर करतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि हसतो. त्या वेळी फिल्ममधला माहिती सांगणारा भारदस्त आवाज बागमालकाचं कौतुक करत असतो. लहानूचं नावसुद्धा घेत नाही. पण लहानूच्या गावात फिल्म लागली की लोक ओरडत, "मांगं घ्या, मांगं घ्या!" आणि चंपतराव मशीन उलटं फिरवून त्याला पुन्हा हसवत. लहानू वारल्यापासून तर चार-चारदा. त्या ओढाताणीनेच छिद्रं फाटली होती. दोष द्यायचा कुणाला? हात स्वतःचेच.

त्यांनी मन घट्ट केलं. अठ्ठेचाळीस चौकटी कापल्या, उरलेली दोन टोकं चिकटवून दाबून धरली. पडद्यावरचे जेमतेम दोन सेकंद. जोड झकास बसला.

तेवढ्यात दारात भीमाबाई. लहानूची बायको. निमंत्रण बागवाल्यांना होतं, तिला कोण बोलावणार? पण फिल्म आहे असं कानावर आलं, तशी ती एसटीने उभ्याउभ्या आली होती.

"जय भीम, भाऊ. आज आमचे हे दिसतीन नं?"

चंपतरावांना खोटं बोलवेना. "दिसतीन बाई. पण हासताना नाही. तेवढी फिल्म फाटली होती, काढा लागली." मग त्यांनी कापलेला तुकडा तिच्या हातात दिला. "हे घ्या. तुमच्याजवळच ठेवा." आपण मोठं चांगलं काम केलं असं त्यांना वाटलं.

तिने तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. एकाखाली एक, इवलेइवले लहानू. तिने वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.

"भाऊ, यातलं एकबी हालून नाही राह्यलं."

"फिल्म अशीच रायते बाई. मशीनमंधून पळाली का मंग हालते."

"फोटो तं घरीबी हाये," भीमाबाई म्हणाली. "भितीवर. त्याच्याकडं पाहून पाहून मले वाटाले लागलं का हे असेच होते, गुमसुम. हासू कसं येत होतं त्यायले, ते इसरून राह्यली मी. तेच पाहाले आली होती." तिने तुकडा अलगद टेबलावर ठेवला. "असू द्या. तुमचा मोठा साहेब आला म्हन्ते. तुमची नोकरी हाये."

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चंपतरावांनी वर पाहिलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

"बसा बाई," ते म्हणाले आणि त्यांनी तो झकास जोड ब्लेडने उकलला.

तुकडा परत जोडताना दोन्हीकडची एकेक चौकट वाया गेली. मग एकेका फाटक्या छिद्रावर पारदर्शक चिकटपट्टी, आणि सुईने त्यात नवं छिद्र. पाठीला रग लागली, चष्म्यावर घाम गळला. चार वाजता सव्वीस चौकटी धड झाल्या होत्या. वीस तशाच राहिल्या.

काळे पडदे ओढले गेले. साहेब मशीनशेजारच्या खुर्चीत बसले. भीमाबाई मागे दाराशी उभी राहिली. फिल्म सुरळीत पळू लागली: खड्डे, खत, रोपं. लहानूची बाग आली तसं चंपतरावांनी मशीनच्या तोंडाशी बोट नेलं आणि ते फिल्म आत ढकलत राहिले. बोट भाजत होतं. मशीन खडखडलं, भारदस्त आवाज बोबडा झाला, अख्खी बाग पडद्यावर उड्या मारू लागली. त्या धडपडीत लहानूने मान वर केली, हसला, अडकला, आणि पुन्हा हसला.

"हासले वं माय!" मागून आवाज आला.

बागवाले कुजबुजले. मग फिल्म सावरली, पुढे सरकली. साहेब मात्र चंपतरावांकडे वळले होते.

"काय हो हे?"

"तिथली छिद्रं फाटलेली आहेत, साहेब."

"माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग? दोन सेकंदांचा तर तुकडा. कापून टाकला असता, तर कुणाला कळलं असतं?"

मागे दारावरचा काळा पडदा हलला. उजेडाची एक चीर आत आली आणि मिटली. भीमाबाई निघाली होती; पुढची फिल्म तिला बघायची नव्हती.

"एकीला, साहेब," चंपतराव म्हणाले.