केणींचा निबंध

चक्रीवादळांवरचा लेख तपासायला आला की मृणालिनी आधी शेवटची संदर्भसूची वाचायची. या वेळीही तिने शेरा मारला, "विश्राम केणी यांचा कोकण किनाऱ्यावरचा निबंध राहिला आहे. तो घालावा."

परीक्षक कोण, हे फक्त संपादकांना ठाऊक असतं. दुपारी त्यांचाच फोन आला. "मॅडम, हा आग्रह आता सोडा. केणी स्वतःच परीक्षक होऊन स्वतःचं नाव घुसवतात, असं लेखक बोलायला लागलेत."

"बोलू देत. निबंध चुकीचा आहे का?"

"तसं नाही."

"मग राहू दे शेरा."

संध्याकाळी नायगावला घरी आल्यावर तिने विश्रामच्या फोटोचा हार बदलला. "नावं ठेवतायत तुला," ती म्हणाली. "तू गेल्याचं अजून सगळ्यांना कळलेलं नाही."