विहिरीपासून गंजीपर्यंत

निजामाच्या अमलातल्या गुलबर्ग्यात बंबखान्याचे प्रमुख असलेले धुळाप्पा सुट्टीवर हळ्ळीखेडला आले, आणि त्याच दुपारी भगवानरावांच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. शेजारीच जनावरांचा गोठा. बंब राहिला शहरात. धुळाप्पांनी विहिरीपासून गंजीपर्यंत गाव रांगेत उभं केलं. त्या घाईत भगवानरावांची बायको कलाबाई आणि धाकटी जाऊ सोजराबाई शेजारीशेजारी आल्या. घराच्या वाटणीपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तोंड फिरवून दिलेली पहिलीच घागर पडून फुटली.

"तोंडानं बोला, मग हात सोडा!" धुळाप्पा ओरडले.

"धर," कलाबाई पुटपुटली.

"धरली," सोजराबाई म्हणाली.

आग विझली, गोठा वाचला. लोक जरा टेकले, तोच सोजराबाईचा आवाज चढला.

"अक्का, सगळं पाणी माझ्याच लुगड्यावर सांडलीस!"

"मग तू कामून डुलायलीस?"

बघता बघता वाटणीतलं सगळं निघालं. भगवानराव घाबरले.

"अण्णा, हे बी विझव की!"

धुळाप्पांनी तोंडावरची काजळी पुसली.

"न्हाई. इतकी वर्सं आतच धुमसत होतं. एकदाचं जळून जाऊ द्या."