गुरुवारचा आकडा

"आज दुखणं किती, मावशी?"

"सातच गं."

डॉक्टरने वहीत सात लिहिले. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. रुग्ण सांगेल तोच आकडा लिहायचा, असा नियम होता.

मावशींनी जन्मभर शिलाई मशीन चालवले, आणि मशीनआधी गुडघा झिजला. काही महिन्यांपूर्वी त्यात सुईने औषधाचे कण सोडले होते, डोळ्यांना न दिसणारे. दर गुरुवारी वरून यंत्राचा दांडा फिरवला की ध्वनिलहरींनी थोडे कण फुटत आणि औषध नेमके दुखऱ्या जागी सुटे. डॉक्टरची त्यात सहा वर्षे गेली होती.

आठ रुग्णांपैकी पाच जणांचा आकडा तीनवर आला तरच काम पुढे जाणार होते. तीनवर आलेल्याला सुट्टी मिळे, मग त्याने यायचे नसे. चौघे तसे बरे होऊन गेले. तिघांना गुण आलाच नाही. उरल्या मावशी. पण सगळे आता त्यांच्या आकड्यावर अडले आहे, हे त्यांना सांगायची सक्त बंदी होती. माणूस भिडेखातर खोटा आकडा सांगतो.

"सूज तर उतरलीय," डॉक्टर पुटपुटली.

"गुडघा अडाणी आहे माझा, त्याला तुझं यंत्र कळत नाही!" मावशी हसल्या. "तुझ्या कोटाचं बटण लोंबतंय बघ. आण इकडे."

दांडा फिरत राहिला, मावशी बटण लावत राहिल्या. शेजारणीचं मांजर, गळका नळ, डॉक्टरचं न जमलेलं लग्न, सगळ्यावर बोलून झालं. निघताना सुई खाली पडली, ती त्यांनीच वाकून उचलली.

निकालाच्या गुरुवारीही त्यांनी सातच सांगितले. डॉक्टरने निकाल वर पाठवला. एकदा गेलेल्या निकालात खाडाखोड चालत नसे.

पुढच्या गुरुवारी मावशी आल्या तेव्हा यंत्रावर चादर टाकलेली होती.

"काम बंद झालं, मावशी. फक्त तुमचा आकडा उतरायला हवा होता. उतरला असता तर हे औषध कितीतरी लोकांपर्यंत पोचलं असतं." डॉक्टरला रडू आवरेना. "चूक माझीच. तुमचं दुखणं काही मला थांबवता आलं नाही."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या.

"दुखणं तिसऱ्याच आठवड्यात गेलं होतं गं पोरी," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण गेलं म्हटलं असतं, तर गुरुवारी मी कुणाकडे आले असते?"